राजेसाहेबांचा दंड

नवं यंत्र आलं की तो आधी त्याच्या पाठीवर थाप मारायचा. घोड्याच्या पाठीवर मारतात तशी. तळवा थोडा वेळ तिथंच ठेवायचा आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता म्हणायचा, "उमदं आहे." रक्त तपासायचं यंत्र उमदं कसं असतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण तेवढ्यात फोटो निघालेला असायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यंत्र अर्धं आणि तो पूर्ण दिसायचा.

तुमच्याही आयुष्यात असा कोणीतरी असेल. ज्याच्या मेहेरबानीवर आपलं काम चालतं, आणि ज्याची गाडी फाटकातून आत वळताना दिसली की आपला दिवस वाया जातो. माझ्या आयुष्यात हा होता. पूर्वेकडच्या जंगलपट्टीत त्याच्या घराण्याचं एक चिमुकलं संस्थान होतं. ते कधीच विलीन झालं. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. राज्य गेलं, पण नागपुरातला बंगला राहिला, एक ट्रस्ट राहिला आणि 'राजेसाहेब' हे संबोधन राहिलं. त्याच्या तोंडावर मी 'आपण' म्हणत असे. इथं त्याला 'ते' म्हणायची माझी इच्छा नाही.

ट्रस्टनं रामदासपेठेत सिकलसेलवर संशोधन आणि तपासणी करणारं एक केंद्र काढलं होतं. मी तिथली प्रयोगशाळा सांभाळायची. सिकलसेल म्हणजे काय, हे विदर्भात फार समजावून सांगावं लागत नाही. ज्या घरात तो असतो, त्या घरानं पोराचं रडणं ऐकलेलं असतं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि सांधे असे ठणकतात की मोठा माणूसही आडवा होतो. आईबापांकडून एकेक दोष आला तर हा आजार होतो. एकाकडूनच आला, तर माणूस नुसता वाहक असतो. तो धडधाकट जगतो. फक्त दोन वाहकांचं लग्न झालं तर त्यांच्या लेकरांना धोका असतो. म्हणून आमचं अर्धं काम रक्ताचं आणि अर्धं काम समजावण्याचं.

तो दर कार्यक्रमात आपल्या आजोबांची गोष्ट सांगायचा. देवीच्या साथीत लोक लस टोचून घेईनात, देवी कोपेल म्हणून पळून जायचे. तेव्हा आजोबा भर आठवडी बाजारात खुर्ची टाकून बसले, अंगरख्याची बाही वर केली आणि सगळ्यांदेखत स्वतः लस टोचून घेतली. "आधी राजाचा दंड, मग रयतेचा," हे वाक्य तो थांबून थांबून म्हणायचा. टाळ्यांसाठी जागा सोडायचा.

ही गोष्ट खरी होती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्या आजोबांनी जंगलातल्या तापाचा शोध घ्यायला एक तरुण डॉक्टर नेमला होता, त्याला सूक्ष्मदर्शक आणून दिला होता, गावोगाव फिरायला छकडा दिला होता. तो जुना पितळी सूक्ष्मदर्शक आमच्या केंद्राच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत होता. मी येताजाता त्याच्याकडे बघायची. राजाश्रय म्हणजे काय असू शकतं, ते त्या पेटीत होतं. आणि त्याचं काय होऊ शकतं, ते समोर सोफ्यावर बसलेलं असायचं.

रक्ताचे नमुने ठेवायला मोठा फ्रीज आला, तेव्हा तो मुहूर्तासाठी तसाच खोक्यात पडून राहिला. उन्हाळा नागपूरचा. आम्ही नमुने शेजारच्या दवाखान्यात भीक मागून ठेवत होतो. शेवटी तो आला, फ्रीजच्या कोपऱ्यावर नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी मागच्या बाजूनं आत गेलं. फ्रीज बंद पडला. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडून दुसरा होऊन जाईल." झाला. पुन्हा मुहूर्त बघितला गेला.

प्रयोगशाळेत सगळ्यांनी पायताणं बाहेर काढायची असा नियम होता. तो बूट काढायचा नाही. एकदा मी म्हटलं, "राजेसाहेब, बूट." त्यानं खाली बघितलं, जणू मी बुटांची तारीफ केली, आणि म्हणाला, "कोल्हापूरहून करून घेतो आम्ही."

एक गोष्ट मात्र मला तेव्हा उमगत नव्हती. सगळी मंडळी चहाला गेली की तो कधी कधी मागे रेंगाळायचा आणि म्हणायचा, "दाखवा बरं एक." मी सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काचपट्टी लावून द्यायची. तो डोळा लावून बसायचा. विळ्यासारख्या पेशी बघत बराच वेळ बसायचा. मला वाटायचं, नाटक आहे. फोटोग्राफर नसताना कुणासाठी नाटक करतोय, हे काही माझ्या मनात आलं नाही.

मग उमरेडकडच्या एका गावातलं शिबिर झालं.

गाव विणकरांचं. रक्तं आधीच घेऊन झाली होती, तपासणी झाली होती. आता निकालाची कार्डं द्यायची होती. आमची पद्धत अशी, की पांढरं कार्ड म्हणजे दोष नाही, पिवळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे आजार. प्रत्येकाचं कार्ड बंद पाकिटात. एकेकाला शाळेच्या खोलीत बोलवायचं, दार लावायचं, बसवायचं, नीट समजावून सांगायचं आणि मगच पाकीट हातात द्यायचं. ही पद्धत मी भांडून बसवली होती.

त्या दिवशी राजेसाहेबांचा वाढदिवस होता. मला हे गावात मांडव बघितल्यावर कळलं. मी शाळेच्या खोलीत एका म्हातारीशी बोलत बसले होते, तेव्हा बाहेर माईकवर आजोबांची गोष्ट सुरू झाली. टाळ्या झाल्या. आणि मग नावं पुकारली जाऊ लागली. मला वाटलं सत्कार असेल. दुसऱ्या की तिसऱ्या नावाला मी ओळखलं की ही आमच्या यादीतली नावं आहेत.

मी धावत गेले. त्याच्या कारभाऱ्यानं आमच्या गाडीतली पाकिटं परस्पर नेऊन त्यातली कार्डं परातीत रचली होती. नंतर मी त्याला जाब विचारला, तेव्हा तो म्हणाला, "पाकीट दिलं तर फोटोत काय दिसणार, मॅडम?" व्यासपीठापुढं बाया, पोरं, पाहुणे, सरपंच, सगळं गाव. तो एकेकाला वर बोलावत होता, कार्ड हातात देत होता, डोक्यावर हात ठेवत होता.

मी मांडवात शिरले तेव्हा वैशाली वर होती. एका विणकराची मुलगी, बारावी झालेली, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. तिच्या हातात पिवळं कार्ड होतं आणि ती ते उलटं धरायचा प्रयत्न करत होती. त्याला ते दिसलं. तो माईकमध्ये हसून म्हणाला, "घाबरायचं नाही, बाळ. पिवळं म्हणजे काय? हळदीचा रंग."

मांडव हसला. मी व्यासपीठावर चढून परात उचलली आणि खोलीत घेऊन आले. मागून तो म्हणाला, "मॅडमना घाई झालेली दिसते." लोक पुन्हा हसले.

कोणीतरी मोबाईलवर सगळं टिपलं होतं. ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं, तिथून पाहुण्यारावळ्यांत गेलं, आणि शेवटी कन्हानला, मुलाच्या घरी पोहोचलं. त्यांनी फोन करून लग्न मोडलं.

मी त्या मुलाच्या वडलांना फोन केला. सांगितलं, मुलगी आजारी नाही, नुसती वाहक आहे. तुमच्या मुलाचं रक्त तपासू. तो वाहक नसेल तर लेकरांना हा आजार होणारच नाही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "आमच्या घरात असलं काही नाही, मॅडम. आमचं पोरगं काहून टोचून घेईल?" आणि फोन ठेवला.

मी एसटीनं उमरेडला गेले आणि तिथून गावात. वैशालीच्या घरात पुढच्याच खोलीत माग होता. बाप मागावर बसला होता, पण माग चालत नव्हता. मला पाणी दिलं. आणि मी तिथं असतानाच राजेसाहेबांची गाडी दारात आली. तो आला नव्हता. कारभारी आला होता, ताटात रेशमी साडी आणि नारळ घेऊन.

"राजेसाहेबांनी पाठवलं आहे," कारभारी म्हणाला. "झालं ते झालं म्हणतात. मुलीसाठी दुसरं स्थळ ते स्वतः बघून देणार आहेत."

वैशालीच्या आईनं साडीचा पदर दोन बोटांत धरून बघितला. विणकराची बाई, तिच्या बोटांना सवयच ती. मग ताट पुढं सरकवलं. "वापस घेऊन जा, भाऊ. लुगडे तर आमीच विणतो."

"अहो, पण मान आहे हा."

"मान त्या दिवशी भेटला आमाले," ती म्हणाली. "सगळ्या गावानं पाह्यला."

कारभाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही त्याच्या मदतीला गेले नाही. तेव्हा मागच्या दारातून वैशाली बोलली. तोवर ती आतच होती. "मॅडम, तुमच्या राजाले माया एक निरोप सांगा. त्यायनं त्या दिवशी गोष्ट सांगतली ना मांडवात, आधी राजाचा दंड म्हणून? मंग त्यायनं आपलं रगत तपासलं का? तपासलं असंल तर त्यायचं कार्ड कोन्या रंगाचं हाये, थे गावात येऊन सांगा म्हणा. मले दुसरं काई नको."

बाप म्हणाला, "राहू दे वं, पोरी." ती आत गेली.

मी हा निरोप जसाच्या तसा पोचवला. बंगल्याच्या व्हरांड्यात तो वेताच्या खुर्चीत बसला होता. मी 'तुमच्या राजाले' हे शब्दही गाळले नाहीत. तो म्हणाला, "कारभाऱ्यानं चूक केली, आम्ही त्याला बोललो आहोत." मी म्हटलं, "माईक कारभाऱ्याच्या हातात नव्हता." यावर त्यानं घंटी वाजवली आणि नोकराला सांगितलं, "मॅडमना गाडीपर्यंत सोडा." माझी गाडी नव्हती. मी ऑटोनं गेले होते.

पावसाळा संपता संपता त्याचा फोन आला. कारभाऱ्याचा नाही, त्याचा स्वतःचा. म्हणाला, दुपारी बंगल्यावर या, आणि रक्त घ्यायचं सामान बरोबर आणा. मी का गेले? कामाचा भाग म्हणून गेले, आणि खरं सांगायचं तर बघायला गेले.

त्यानं नोकरांना बाहेर पाठवलं होतं. सदऱ्याची बाही वर करून बसला होता. तो दंड मी तोवर कधी बघितला नव्हता. भाषणांत ऐकून ऐकून मला वाटत असे की काहीतरी भरदार असेल. सुरकुतलेला, पांढुरका, म्हाताऱ्याचा हात होता. मी पट्टा बांधला तसा त्यानं चेहरा भिंतीकडे वळवला. सुई टोचताना डोळे गच्च मिटले. एरवी मी अशा वेळी माणसाशी काहीबाही बोलते, लक्ष दुसरीकडे नेते. त्याच्याशी बोलले नाही.

कापूस दाबून धरत तोच म्हणाला, "आम्हाला एक बहीण होती."

मी सामान आवरत होते.

"आमच्याहून मोठी. थंडी पडली की तिचे गुडघे, कोपर, सगळं सुजायचं. ओरडायची. महालाच्या मागच्या खोलीत ठेवायचे तिला, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आम्ही विचारलं की आई म्हणायची, वात आहे. वैद्य म्हणायचा, वात आहे. एका थंडीत गेली. तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. आमच्या घराण्यात असलं काही असूच शकत नव्हतं ना." त्यानं कापूस उचलून बघितला, पुन्हा दाबला. "पुढं पेपरात या आजाराबद्दल वाचलं, तेव्हा लक्षात आलं. हे केंद्र काढलं ते त्यामुळं."

तुम्हाला वाटेल, इथं माझं मन पाघळलं असेल. बहिणीसाठी पाघळलं. त्या मागच्या खोलीचं चित्र डोळ्यांसमोर आलं. काचपट्टीवर डोळा लावून तो काय बघत बसायचा, तेही कळलं. पण त्याच्यावरचा राग वाढला. काही न कळणारा माणूस समजून मी त्याला थोडंफार माफ करत आले होते. याला तर सगळं ठाऊक होतं. या आजाराचं नाव घरात आलं की घर माणसाचं काय करतं, हे यानं लहानपणी बघितलं होतं. आणि तरी त्यानं माईक हातात घेऊन हळदीचा विनोद केला होता.

मी म्हटलं, "हे आपण त्या गावात जाऊन सांगा. एवढंच सांगा, की माझी बहीण यानं गेली. कार्डाचा रंगही सांगू नका. एका दिवसात त्या पोरीची मान वर होईल. दहा गावं तपासणीला येतील."

"ते होणार नाही."

"का?"

"आमच्या मुलीचं लग्न व्हायचं आहे."

"तिचंही व्हायचंच होतं," मी म्हटलं.

तो बराच वेळ कापूस दाबून बसला. रक्त केव्हाच थांबलं होतं. मग म्हणाला, "आम्ही आहोत तोवर हे कुठं बोलू नका. नंतर तुमची मर्जी." हा हुकूम होता की विनंती, मला ठरवता आलं नाही. त्याला विनंती करायची सवय नव्हती, त्यामुळं दोन्ही एकाच आवाजात यायचं.

निकाल मी स्वतः जाऊन सांगितला. त्याच व्हरांड्यात, दोघंच असताना. त्यानं एकच विचारलं, "आणखी कुणाला ठाऊक आहे?" मी म्हटलं, "आपल्याला आणि मला." "छान," तो म्हणाला. त्याच्या रक्तात काय निघालं ते मी इथंही लिहिणार नाही. बहिणीचं सांगायची मोकळीक त्यानं दिली होती, निकालाचं तो काही बोलला नव्हता. शिवाय आपला निकाल आपल्यापाशी राहण्याचा हक्क त्याला होता. तो वैशालीलाही होता. त्याचा मी सांभाळला. तिचा त्यानं सांभाळला नाही.

गावात तो गेला नाही. पुढच्या वर्षापासून ट्रस्टचं लक्ष आमच्यावरून उडालं. हृदयरोगाच्या परिषदा, मोठी हॉटेलं, शाली, मानचिन्हं. हृदयाला घराणं चिकटत नाही, बहुधा म्हणून. केंद्रातली माणसं एकेक करून गेली. यंत्र बिघडलं तसं पडून राहिलं. मी सरकारी दवाखान्यातल्या सिकलसेलच्या बाह्यरुग्ण विभागात लागले. एका समारंभात तो दुरून दिसला, त्यानं आशीर्वादासाठी असतो तसा हात वर केला. मी नमस्कार केला नाही. वैशालीचं लग्न पुढं दुसरीकडं झालं, असं त्या गावच्या आशा कार्यकर्तीकडून कळलं. मला बोलावणं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. तिच्या दृष्टीनं मी त्या परातीवाल्यांपैकीच होते.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. शोकसभेला मी गेले नाही. पेपरात वाचलं की सगळ्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली आणि विज्ञानाचा आश्रयदाता हरपला असं म्हणाले.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्या विभागात एक बाई रांगेत बसलेली दिसली. साधा ड्रेस, मांडीवर पर्स. आजूबाजूला उमरेड, भिवापूरकडून पहिल्या एसटीनं आलेल्या बाया, लेकरं, कोणाच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं. बाकावर एका आजीनं तिला जागा करून देताना विचारलं, "तुयं कोणतं गाव, माय?" ती म्हणाली, "नागपूरच." चेहरा मी ओळखला. त्याची मुलगी होती. तिच्यासाठी कोणी पुढं येऊन चिठ्ठी दिली नाही. तिनंही ओळख सांगितली नाही. नंबर आल्यावर आत आली.

"बाबा आजारी असताना म्हणाले, तुमच्याकडे जाऊन ये," ती म्हणाली. "आत्याबद्दल सांगितलं. मला आत्या होती, हेच मला माहीत नव्हतं."

स्वतःच्या मुलीपुरतं का होईना, तो बोलला होता. दुसऱ्याच्या मुलीसाठी नाही. हे मी त्याच्या बाजूनं धरू की त्याच्या विरुद्ध, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुतेक दिवशी विरुद्धच धरते.

तिनं बाही वर केली. सुईकडे बघत राहिली, तोंड फिरवलं नाही. "उद्या त्यालाही पाठवते," म्हणाली. तो म्हणजे होणारा नवरा. आणि मग आवाज खाली आणून, दाराबाहेरच्या गर्दीकडे बघत तिनं विचारलं, "माझ्यात निघालं तर कोणाकोणाला सांगावं लागतं?"

मी उठले आणि दार लावून घेतलं.